म्हणणे कोणाचे? : ईश्वरविज्ञानाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी प्रस्तावना

सेमिनरीत नव्याने आलेला विद्यार्थी रिकाम्या हातांनी येत नाही. त्याने संडे स्कूल घेतलेले असते, तरुण संघात भाषणे केलेली असतात, पाळक बाहेरगावी गेले असता एखाद्या रविवारी संदेशही दिलेला असतो. वचन उघडून अर्धा तास बोलणे त्याला किंवा तिला जड जात नाही. मग पहिल्याच सत्रात शिक्षक सांगतात, अमुक विषयावर दहा पानांचा शोधनिबंध लिहून आणा, आणि हात अडखळतो. जे लिहून येते तो बहुतेक वेळा कागदावर उतरवलेला संदेशच असतो. सुरुवातीला एक वचन, मग त्याचा आपल्या जीवनाशी संबंध, मध्ये कुठल्याशा कॉमेंटरीतले दोन परिच्छेद आणि शेवटी कळकळीचे आवाहन. शिक्षक लाल शाईने लिहितात, ‘संदर्भ?’ या एका शब्दाचा विद्यार्थ्याला उलगडा होत नाही. शास्त्रातले वचन तर दिले आहे, आणखी कोणता संदर्भ हवा?

यात विद्यार्थ्याचा आळस नाही. संदेश आणि शोधनिबंध ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे काम त्याला कोणी करून दाखवलेले नाही, इतकेच. संदेश देणारा आणि ऐकणारी मंडळी एकाच विश्वासात उभी असतात. व्यासपीठावरून ‘शास्त्र म्हणते’ असे आले की कोणी पुरावा मागत नाही. मागण्याची ती जागाही नव्हे. निबंधाचा वाचक मात्र ओळीओळीला विचारतो, हे कशावरून? हे तुम्ही म्हणता की आणखी कोणी? त्याला तुमच्याबरोबर शेवटपर्यंत यायचे असते, म्हणून तो विचारतो.

या पुस्तकात विषय निवडण्यापासून तळटिपा देण्यापर्यंत अनेक गोष्टी आल्या आहेत. पण त्या सगळ्या एकाच सवयीसाठी आहेत आणि प्रस्तावनेत मला तिच्याबद्दलच बोलायचे आहे. कोणते म्हणणे कोणाचे, हे लिहिताना सतत वेगळे ठेवायचे. शास्त्रपाठात काय आहे, मंडळीने परंपरेने त्याचा अर्थ काय लावला, अमुक अभ्यासकाचे मत काय आणि हे सगळे वाचून माझे मत काय झाले, या चार गोष्टी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. ज्याला हे साधले त्याला संशोधनाची निम्मी वाट सापडली. ज्याला साधले नाही, त्याच्या निबंधात शंभर तळटिपा असल्या तरी त्याचा उपयोग नाही.

ही सवय विद्यापीठांनी चर्चवर लादलेली नाही. लूकच्या शुभवर्तमानाची पहिली चार वचने पुन्हा एकदा सावकाश वाचा. आपल्याआधी पुष्कळांनी हा वृत्तांत लिहायला घेतला होता, हे तो सांगतो. ती माहिती आरंभापासून प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आली, हे सांगतो. आपण स्वतः सगळ्याचा मुळापासून शोध घेतला आणि आता ते क्रमवार लिहीत आहोत, हेही सांगतो. आणि कोणासाठी व कशासाठी लिहितो, हे थियफिलाचे नाव घेऊन स्पष्ट करतो. आधीचे लेखक, साक्षीदार आणि स्वतः लेखक हे तिघे त्या एका वाक्यात वेगवेगळे उभे आहेत. संशोधन आणि विश्वास यांचे वैर आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही चार वचने आधी वाचावीत.

तरीही ती भीती असते, आणि ती मी हलकी समजत नाही. मुलगी सेमिनरीला निघाली की घरची माणसे प्रार्थना करतात आणि मनातून धास्तावतातही. फार प्रश्न विचारायला लागली तर हिचा विश्वास राहील का? अशा घरांना मी पंडिता रमाबाईंची पत्रे वाचायला सांगेन. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली तो ग्रंथरूपाने आला. त्या पत्रांत त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न आहेत, मतांगीकारांवर प्रश्न आहेत, मंडळीच्या अधिकारावर प्रश्न आहेत. जे पटले ते पटले म्हणून, जे पटले नाही ते पटले नाही म्हणून रमाबाई लिहितात, आणि शास्त्र काय सांगते व चर्च काय सांगते यांतला फरक धरून बसतात. जेराल्डीनना यात गर्व दिसला. पण हीच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारून हिब्रू आणि ग्रीक शिकली, मूळ भाषांवरून सगळे बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी अनेक वर्षे झिजली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्नांनी त्यांचा विश्वास गेला नाही. प्रश्नांमुळेच त्या मूळ भाषांपर्यंत पोचल्या असे माझे मत आहे. हे मत माझे आहे, पत्रांतले नाही. वाचून तुमचे वेगळे झाले तर तसे लिहा.

आता हे काम प्रत्यक्षात कसे होते ते एका उताऱ्यावर पाहू. नवा विद्यार्थी विषय निवडतो ‘येशूचे दाखले’. एवढ्या विषयावर लोकांनी आयुष्ये घालवली आहेत. दहा पानांत त्याचे काहीच होणार नाही. मग तो म्हणतो, ‘उधळ्या पुत्राचा दाखला’. बरे, पण अजूनही हा विषयच आहे, प्रश्न झालेला नाही. लूकचा पंधरावा अध्याय उघडा. ‘उधळा पुत्र’ हे शीर्षक संपादकांनी दिलेले आहे, लूकने नाही. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टनने केलेली, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे क्रमांक रॉबेर एतियेनच्या १५५१ च्या आवृत्तीतले. म्हणजे पानावर दिसते ते सगळे सारख्या अधिकाराचे नाही, हे पहिल्याच नजरेत लक्षात येते.

शीर्षक बाजूला ठेवून वाचले की गोष्ट दोन मुलांची आहे असे दिसते. धाकटा घरी परततो, मेजवानी सुरू होते. थोरला शेतातून येतो, रागावतो, आत यायला नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. आणि तिथे गोष्ट थांबते. थोरला आत गेला का, हे लूक सांगतच नाही. मग अध्यायाच्या सुरुवातीला जा. जकातदार आणि पापी लोक येशूजवळ येत होते आणि परूशी व शास्त्री कुरकुर करत होते, अशी पहिली दोन वचने आहेत. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून मेंढरू, नाणे आणि दोन मुलगे असे तीन दाखले आले आहेत. आता प्रश्न तयार होतो: दाखला थोरल्याच्या निर्णयाविना का संपतो, आणि पहिल्या दोन वचनांतल्या कुरकुरीशी त्याचा संबंध काय? हा प्रश्न दहा पानांत मावतो आणि त्याचे उत्तर शोधावे लागते.

याच वाटेवर दुसरी गोष्ट हाती लागते. हरवलेल्या मेंढराचा दाखला मत्तयाच्या अठराव्या अध्यायातही आहे, पण तिथे ऐकणारे शिष्य आहेत आणि विषय लहानग्यांची काळजी घेण्याचा आहे. मेंढरू तेच, ऐकणारे वेगळे. त्यामुळे दाखल्याचा रोख बदलतो का? हे निरीक्षण करायला ग्रीक यावे लागत नाही, भाष्य लागत नाही. मराठी बायबल, कोरा कागद आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचण्याचा संयम एवढे पुरते. भाष्यग्रंथ उघडण्याआधी हे करावे असा माझा आग्रह आहे. आधी भाष्य वाचले की आपले डोळे त्या भाष्यकाराचे होतात आणि नंतर मजकुरात तेवढेच दिसते.

मग भाष्ये उघडावीत. हा दाखला सांगताना व्यासपीठावरून हमखास ऐकू येते की बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे बापाच्या मरणाची इच्छा करणे होते. ऐकणारा ते शास्त्रातले समजतो. शास्त्रात तसे लिहिलेले नाही. हे म्हणणे ज्यांच्यामुळे सर्वदूर पसरले ते केनेथ बेली. त्यांचे ‘पोएट अँड पेझंट’ १९७६ मध्ये आले. बेली अनेक वर्षे मध्यपूर्वेत राहिले, तिथल्या गावकऱ्यांना हा दाखला सांगून त्यांना काय वाटते ते त्यांनी विचारले आणि त्यावरून पहिल्या शतकातल्या शेतकरी समाजाविषयी अनुमान काढले. ही पद्धत विचार करायला लावणारी आहे. पण विसाव्या शतकातल्या गावकऱ्याचे उत्तर पहिल्या शतकाला कितपत लागू पडते, हा प्रश्न उरतोच. एमी-जिल लेव्हाइन या ज्यू अभ्यासिकेने ‘शॉर्ट स्टोरीज बाय जीझस’ या २०१४ च्या पुस्तकात दाखल्यांच्या रूढ अर्थांना कसून आव्हान दिले आहे. ज्यू समाज जितका कठोर रंगवावा तितका येशू उजळ दिसतो, या सवयीवर त्यांचा रोख आहे. आता विद्यार्थ्यापुढे दोन अभ्यासक आहेत, त्यांची कारणे आहेत आणि मजकूर आहे. ‘बेली असे म्हणतात, या आधारावर म्हणतात, लेव्हाइन यांचा आक्षेप असा आहे, आणि लूकच्या मजकुराकडे पाहता मला अमुक अधिक पटते’ असे वाक्य ज्या दिवशी त्याच्या वहीत उतरले, त्या दिवशी तो ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी झाला.

विरुद्ध मत मांडताना ते त्याच्या मालकाला ओळखू येईल असे मांडावे. आपल्याकडे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही शिस्त जुनी आहे, आणि ख्रिस्ती परंपरेतही ती आहे. थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ मधला कोणताही लेख उघडा. आधी प्रतिपक्षाचे आक्षेप एकामागून एक दिलेले आहेत, मग उत्तर, मग एकेका आक्षेपाचे निराकरण. मराठी ख्रिस्ती माणसाला याहून जवळचे उदाहरण नीलकंठशास्त्री गोरे यांचे. जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ या ग्रंथातून हिंदू मतावर टीका केली, तेव्हा तरुण गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतात तिला उत्तर दिले. प्रतिपक्ष इतका बारकाईने वाचणारा हा माणूस १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला, नेहेम्या गोरे म्हणून ओळखला जाऊ लागला आणि पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्याने दर्शनांची परीक्षा केली. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या या माणसाने कोणत्याही बाजूला असताना प्रतिपक्ष न वाचता लिहिले नाही. आपल्या निबंधांत मात्र ‘काही लोक म्हणतात’ असे येते. कोण लोक? कुठे म्हणतात? नाव देता येत नसेल तर ते वाक्य खोडावे.

साधनांची पारख हा या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि त्यात मराठी उदाहरणे मुद्दाम अधिक घेतली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. ते प्रथम १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तीन छपाईंपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांच्या आधारे नंतर तयार झालेले पाठ आहेत. सालढाणा यांची १९०७ ची मंगळूरची आवृत्ती, बांदेलूंची १९५६ ची देवनागरी आवृत्ती, आणि लंडनच्या मार्सडेन संग्रहातले देवनागरी हस्तलिखित, यांतले काही ना काही आपल्या हातात असते. म्हणून ‘ख्रिस्तपुराणात म्हटले आहे’ एवढे पुरत नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या ओवीत, हे सांगावे लागते.

दुसरे उदाहरण घरातले. नारायण वामन टिळकांवर निबंध लिहिणारा प्रत्येक जण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ वर विसंबतो, आणि विसंबावे असेच ते पुस्तक आहे. पण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली १९३४ पासून. मध्ये जवळजवळ चाळीस वर्षे गेली, टिळक १९१९ मध्ये गेले, आणि लिहिणारी त्यांची पत्नी आहे, जिचे मन त्या घटनेने आधी पार मोडले होते. यामुळे पुस्तकाची किंमत कमी होत नाही. ते कोणत्या प्रकारचे साधन आहे हे कळते. त्या काळातले भावविश्व जाणायला ते अनमोल आहे. एखाद्या दिवसाची तारीख निश्चित करायची असेल तर मात्र ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे त्या वर्षीचे अंक आणि त्या वेळची पत्रे शोधावीत. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, हे त्यांच्या नावावर सतत सांगितले जाते. निबंधात ते लिहायचे असेल तर टिळकांनी ते कुठे लिहिले, की कोणी ऐकून नोंदवले, हे शोधून मगच लिहा. या एका शोधात पाठ्यपुस्तकाच्या शंभर पानांहून अधिक शिकायला मिळेल.

टिपणे काढण्याविषयी थोडक्यात. पुस्तक हातात घेतल्याबरोबर लेखक, शीर्षक, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष हे वहीत उतरवा. पुस्तक परत केल्यावर ते आठवत नाही. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हे आणि पान क्रमांक तिथल्या तिथे टाका. आपल्या शब्दांत लिहिले तरी पान क्रमांक टाका. आपला विचार सुचला तर तो वेगळ्या शाईने लिहा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वही उघडल्यावर कोणते वाक्य कोणाचे ते कळत नसेल तर नकळत चोरी होते. आणि दुसऱ्याचे वाक्य स्वतःचे म्हणून देणे ही चोरीच आहे. दहा आज्ञा शिकवायला निघालेल्या माणसाने हे फोड करून सांगायला लावू नये. मोबाइलवरचा मजकूर चिकटवणे हेही त्यातच आले. एआय ॲपला विचारले तर क्षणात सुबक उत्तर येते, पण ती ॲप कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे आणि पाने देतात. जे पुस्तक तुम्ही उघडून पाहिले नाही ते संदर्भसूचीत घालू नका. हा नियम पाळला तर या साधनांपासून फारसा धोका नाही.

भाषेचा प्रश्न माझ्या मनाला लागतो. थिऑलॉजीची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत आणि जालना, नगर, कोल्हापूरकडून आलेली मुले त्यांच्यापुढे दबून जातात. मग निबंधात इंग्रजी वाक्यांचे शब्दशः मराठी उतरते, जे वाचून लिहिणाऱ्यालाही अर्थ लागत नाही. उपाय एकच. परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, शेजारच्या खोलीतल्या मित्राला मराठीत सांगा आणि जे सांगितले तेच लिहा. सांगता आले नाही तर समजलेले नाही, पुन्हा वाचा. गंभीर विषयाला जड मराठी लागते हा समज लक्ष्मीबाईंचे एक पान वाचले की जातो. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये लिहिले, मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली, ‘अरुणोदय’ हे आत्मवृत्त लिहिले. मराठीत ख्रिस्ती विचार मांडण्याची वाट त्यांच्या पिढीने तयार केली आहे. गेल्या काही दशकांत आपण तिच्यावर फार कमी चाललो, ही माझी खंत आहे. आपल्या सेमिनऱ्यांत लिहिलेले कितीतरी चांगले प्रबंध इंग्रजीत बांधून कपाटात राहतात, आणि ज्या मंडळ्यांविषयी ते लिहिले त्यांना ते वाचता येत नाहीत.

हे पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याला विषय सापडत नाही त्याने पहिले प्रकरण वाचावे, ज्याची टिपणे विस्कटली आहेत त्याने तिसरे. तळटिपांची पद्धत प्रत्येक संस्थेची वेगळी असते. तुमच्या संस्थेने जी ठरवली असेल ती निमूटपणे पाळा, तिच्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. ग्रंथालयाशी मात्र मैत्री करा. पुण्यातच यवतमाळहून आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, कँडीहून १९५५ मध्ये आलेले ज्ञानदीप विद्यापीठ आहे. प्रोटेस्टंट विद्यार्थ्याने कॅथलिक ग्रंथालयात आणि कॅथलिक विद्यार्थ्याने प्रोटेस्टंट ग्रंथालयात परवानगी काढून जरूर बसावे.

शेवटी एक विनंती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि त्याच मिशनचा ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाला. तेव्हापासून गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची, लग्नांची, दफनांची रजिस्टरे, पंचकमिटीच्या सभांची इतिवृत्ते आणि जुनी पत्रे साठत आली आहेत. त्यांतली कितीतरी अजून कोणी वाचलेली नाहीत आणि वाळवी थांबणार नाही. सुट्टीत घरी गेलात की पाळकांची परवानगी घेऊन आपल्या मंडळीचे कपाट उघडा. पाने न फाडता, न दुमडता छायाचित्रे घ्या; कोणत्या रजिस्टरचे कोणते पान ते तिथेच लिहून ठेवा; हयात माणसांच्या खासगी नोंदी उघड करू नका. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि कोणी काय सांगितले ते तारखेसह नोंदवा. तुमचा पहिला मोठा निबंध त्यावर लिहा, मराठीत लिहा, आणि त्याची एक प्रत त्या मंडळीला नेऊन द्या.